परसातले किडे : प्रकल्प नोंदी

८ जून

प्रकल्प सुरू. काम सोपं आहे, घरामागच्या परसात जे जे सरपटतं, उडतं, बिळात शिरतं ते पोरांनी शोधायचं आणि वहीत उतरवायचं. टीममध्ये बहिणीची दोन (थोरली चौथीत, धाकटा बालवाडीत), शेजारची एक जी कुणी न विचारता लीडर झालीये, आणि मी मामा, म्हणजे जड कुंड्या सरकवायचं खातं माझ्याकडे. सामान घरातलंच घेतलंय : एक भिंग, झाकणाला भोकं पाडलेल्या काचेच्या बरण्या, रंगकामाचे जुने मऊ ब्रश (बोटांनी किडा उचलायला गेलं की चिरडतो, ब्रश पुढे धरला की आपणहून चढतो), एक पांढरं ताट, टॉर्च.

वहीचे रकाने लीडरबाईंनी आखले. नंबर, कुठे सापडला, पाय किती, चित्र, नाव. नाव सगळ्यात शेवटी हवं एवढा एकच आग्रह मी धरला, कारण नाव कळलं की काम झालं असं वाटतं आणि पोरं पुढच्या दगडाकडे सुटतात. मोठी माणसं तर नाव विचारायलाही थांबत नाहीत, चप्पल शोधतात, तो विषय वेगळा.

नियम पण ठरले. दगड उलटायचा तर खुरप्याने पलीकडची कड उचकटायची आणि दगड आपल्या बाजूला कलता करायचा, म्हणजे खालून काही धावत निघालंच तर ते पलीकडे पळतं आणि मधे दगडाची आड राहते. बघून झालं की दगड जसा होता तसा परत. केसाळ सुरवंट, गांधीलमाशी, विंचू यांना फक्त डोळ्यांनी बघायचं. आणि हात साबणाने धुवायचे, यावर चर्चा नाही.

९ जून

पहिलीच मोठी कुंडी सरकवली आणि एकच आरडाओरडा, खाली ते राखाडी किडे होते जे हात लावला की गोळी होतात. धाकट्याने जागेवरच त्यांचं नाव 'गोळ्या' ठेवलं आणि वहीतही तेच गेलं.

एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. बराच वेळ काहीच नाही, पोरगं श्वास रोखून बसलेलं, त्याला हलूसुद्धा देईना. मग गोळीला एक बारीक फट पडली, फटीतून दोन मिशा बाहेर येऊन थरथरल्या, हवा बरी आहे का ते तपासल्यागत, आणि मग एकदम सगळे पाय हवेत, पाठीवर पडून धडपड, आणि सुलटा झाला की जो काय पळत सुटला तो थेट मनगटावरून शर्टाच्या बाहीत. पुढचा अर्धा तास प्रकल्प बाहीत शोध एवढाच चालला.

पाय मोजण्यावरून भांडण झालं. लीडरबाई म्हणे १४, थोरली म्हणे १२, आणि दोघी आपापल्या बरणीवर ठाम. रात्री वाचलं तर दोघी बरोबर! मोठ्यांना पायांच्या सात जोड्या असतात, पण आईच्या पोटाखालच्या पिशवीतून जी पिल्लं बाहेर पडतात त्यांना आधी सहाच जोड्या असतात, सातवी नंतर कात टाकल्यावर येते. थोरलीच्या बरणीत होतं ते पांढुरकं बारकं पिल्लू.

१० जून

वरच्याचा पुढचा भाग. हा किडा खरं तर कीटक नाहीच, तो खेकडा, कोळंबी यांच्या खानदानातला आहे, जमिनीवर राहायला आलेला, आणि अजून श्वास घेतो तो पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या अवयवांनी, ज्यांना ओल लागते. हे ऐकल्यावर थोरलीने स्वतः प्रयोग काढला : ताटात अर्ध्या बाजूला ओला टिश्यू, अर्ध्या बाजूला कोरडा, मधे गोळ्या सोडायच्या, वरून पुठ्ठा झाकायचा आणि थोडं थांबायचं. थांबणं हा भाग अवघड गेला. पुठ्ठा उचलला तर जवळजवळ सगळे ओल्या बाजूला, कडेला दाटीवाटीने. मग बाजू बदलून परत केलं, परत तेच.

एक गडी अर्धा राखाडी अर्धा पांढरट निघाला, लीडरबाईंना वाटलं आजारी आहे. आजारी नव्हता, हे लोक कात दोन हप्त्यांत टाकतात, आधी मागचा अर्धा आणि एक-दोन दिवसांनी पुढचा.

१३ जून

वहीत नवीन रकाना वाढला : 'काय करत होता'. हे धाकट्यामुळे. त्याला अजून लिहिता येत नाही, तो सांगतो आणि थोरली लिहिते, आणि त्याला पाय-बिय मोजण्यात काही रस नाही, तो नुसतंच सांगत सुटतो, "हा इथे बसला होता, आणि नंतर पण बसलाच होता, आणि मग त्याने पाय चाटला." लीडरबाई म्हणाल्या हे कुठल्या रकान्यात घालायचं, तर मग रकानाच काढला.

मला विचाराल तर या वहीतला सगळ्यात कामाचा रकाना हाच. पाय मोजायला एक मिनिट पुरतं, पण हा रकाना भरायचा तर किड्याशेजारी उकिडवं बसावंच लागतं.

१५ जून

पाऊस. पाचोळ्याखाली पैसा आणि गोम दोन्ही सापडले, एकाच दिवशी, म्हणजे लॉटरीच. पैसा गोल वेटोळं करून पडला, गोम दिसली न दिसली तोवर गायब, तिला कुणी हात लावला नाही हे बरं, ती चावते.

पाय मोजायचा खेळ इथे फारच रंगला. पैशाला शरीराच्या बहुतेक वळ्यांना दोन-दोन जोड्या पाय, गोमेला एका वळ्याला एकच जोडी, एवढा फरक भिंगातून पोरांनीच काढला. मग प्रश्न आला की पायांचा रेकॉर्ड कुणाकडे. तर हजार पायांचा म्हणून ज्याला जगभर ओळखतात त्या पैशाच्या कुळात खरोखर हजारावर पाय असलेला एकही प्राणी २०२१ पर्यंत माहीत नव्हता. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात जमिनीखाली खोल, खाणीच्या शोधासाठी पाडलेल्या बोअरमध्ये सापडलेल्या एकाचं वर्णन छापून आलं, त्याला १३०६ पाय. आणि गोमेची तर अजूनच गंमत, मोठ्या गोमेच्या पायांच्या जोड्या विषम असतात, १५, २१, २३ अशा, त्यामुळे बरोबर १०० पायांची गोम निघायची नाही, कारण ५० जोड्या सम झाल्या. थोरलीला नुकतेच सम-विषम शिकवलेत, तिने हे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं.

पैशाला जास्त डिवचलं की तो उग्र वासाचा रस सोडतो, बोटांवर पिवळट-तपकिरी डाग राहतो. धाकट्याकडे पुरावा आहे. (डोळ्याला हात लावायच्या आत धुतले.)

१७ जून

गांडुळं. पावसाने सगळी वर आलेली. लीडरबाईंचं ठाम मत होतं की गांडूळ तोडलं की दोन होतात, ते आधी खोडून काढलं, कारण खुरपं तिच्याच हातात होतं. दोन होत नाहीत, शेपटीचा तुकडा मरतो, डोक्याकडचा पुरेसा लांब असला तर कदाचित जगतो.

आजचा शोध मात्र कान लावून ऐकायचा होता. गांडूळ जरा कोरड्या कागदावर ठेवायचं आणि कागद कानाशी न्यायचा, खरखर ऐकू येते! त्याच्या अंगाला बारीक राठ केस असतात, जमिनीला अडकवून पुढे सरकायला, ते कागदावर घासतात. तिघांनी आळीपाळीने ऐकलं आणि मग घरातली मोठी माणसं एकेक करून पकडून आणली. कागदावर जास्त वेळ ठेवायचं नाही, ते कातडीनेच श्वास घेतं आणि कातडी सुकली की संपलं.

मग साहजिकच प्रश्न आला की त्याला आपलं ऐकू येतं का. इथे मला डार्विन सांगायला मिळाला. १८८१ मध्ये म्हातारपणी त्याने गांडुळांवर अख्खं पुस्तक छापलं, आणि त्यासाठी घरातल्या गांडुळांपुढे शिट्टी वाजवली, बासून वाजवला (लांब नळीचं, जाड आवाजाचं वाद्य), ओरडून झालं, शेजारी ठेवून पियानो बडवला, गांडुळं ढिम्म. पण तीच कुंडी उचलून पियानोवर ठेवली आणि पट्टी दाबली तर ती झटकन बिळात. म्हणजे आवाज नाही, कंपन कळतं. एवढं ऐकल्यावर धाकटा शिट्टी घेऊनच आला. शिट्टी : काही नाही. ताटाच्या कडेवर चमचा ठोकला : अंग आखडलं. रकान्यात लिहिलंय, "त्याला शिट्टी आवडली नाही पण चमचा कळला."

२० जून

लिंबाच्या रोपावर पानावर पक्ष्याची शीट पडलीय म्हणून थोरली पुसायला गेली आणि शीट चालायला लागली. फुलपाखराची अळी! काळपट-तपकिरी अंगावर मधे पांढरा पट्टा, ओलसर चकाकी, भिंगातून बघूनही पटेना. पक्षी स्वतःची घाण कशाला खाईल, हा तिचा डाव. जवळच अजून एक होती. एक बरणीत घेतली, जाळी लावून, रोज ताजी लिंबाची पानं द्यायची ड्युटी लावली, दुसरी रोपावरच ठेवली.

२१ जून

अ‍ॅपबद्दल. पोरांना फोटो काढून लगेच नाव सांगणारं अ‍ॅप हवं होतं, आयनॅचरलिस्ट घेतलं, पण ठरवलं की ते रात्री, वही भरून झाल्यावर उघडायचं. फोटो हललेला असला की ते फक्त 'भुंगेऱ्यांपैकी काहीतरी' एवढंच सांगतं, तेव्हा पोरांना भारी आनंद होतो, त्यालाही येत नाही म्हणून. हे अ‍ॅप म्हणजे २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी केलेला मास्टर्सचा प्रोजेक्ट होता हे सांगितल्यावर लीडरबाईंनी आपल्या वहीला प्लास्टिकचं कव्हर घातलं.

२४ जून

मुंग्यांची रांग. मधेच बोट आडवं घासलं की दोन्हीकडच्या मुंग्या तिथे येऊन थांबतात, इकडेतिकडे फिरतात, कारण जमिनीवर सोडलेला वास पुसला गेला. थोड्या वेळात कुणीतरी पलीकडे पोचतं आणि रस्ता परत चालू. हे पोरांनी इतक्या वेळा केलं की शेवटी मुंग्यांच्या वतीने मला मधे पडावं लागलं.

रांग गेली होती मिरचीच्या रोपावर, शेंड्याला मावा (रोपाचा रस शोषणारे बारीक किडे) होता, आणि मुंग्या माव्याला मिशांनी थोपटून त्याच्या मागून येणारा गोड थेंब घेत होत्या. तेवढ्यात लाल ढालकिडा आला माव्याची मेजवानी करायला आणि मुंग्यांनी त्याला हुसकावला. सगळं एका शेंड्यावर, भिंगाखाली, आणि तीन डोकी एकमेकांवर आपटतायत. ढालकिड्याला बोटावर घेतलं तर गुडघ्यांतून पिवळा कडू रस सोडला त्याने. कडू आहे हे कसं कळलं ते वहीत नाही.

२६ जून

बरणीतली अळी रात्रीत हिरवी झाली, जुनी कात खाऊनही टाकली बहुतेक, कारण सापडली नाही. ब्रशने हलकंच टोचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं फुगून बाहेर आली आणि घमघमाट, आंबट, नाकात जाणारा. तिघं किंचाळून मागे पळाली आणि लगेच परत आली, "परत कर ना मामा, परत." दुसऱ्यांदा नाही केलं, तिला त्रास होतो. किंचाळण्याचा आवाज ऐकून शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या, त्यांनाही वास देण्यात आला.

२८ जून

छपराखालच्या कोरड्या मातीत नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे आहेत, ज्याच्या तळाशी जबडा उघडा ठेवून एक गुबगुबीत किडा दडलेला असतो, अँटलायन. मुंगी काठावरून घसरली की तो खालून वाळू उडवतो, ती अजून घसरते, आणि पकडली. चमच्याने अलगद काढून ताटात ठेवला तर फक्त उलटाच चालतो, मागे मागे. त्याचं कोडं असं की त्याला मागचं दार बंद असतं, अळीच्या सगळ्या आयुष्यात, काही जातींत दोन-तीन वर्षं, तो शी करत नाही, साठवून ठेवतो आणि पंख फुटून बाहेर आला की मगच करतो.

धाकट्याच्या लेखी या प्रकल्पातून जगाला मिळालेलं हे सगळ्यात मोठं ज्ञान आहे. जेवताना, पाहुण्यांपुढे, फोनवर आजीला, सगळीकडे सांगून झालं.

२ जुलै

रात्रीची फेरी, पहिलीच. टॉर्च हातात खाली न धरता डोळ्याच्या शेजारी, कानशिलाला टेकवून धरायचा आणि गवतावर फिरवायचा. गवतात बारीक हिरवट ठिणग्या चमकतात, आधी वाटतं दवाचे थेंब, पण जवळ गेलं की थेंब सरकतो. लांडगा कोळी. डोळ्याच्या आत आरशासारखा पडदा असतो, प्रकाश आला त्याच दिशेला परत जातो, म्हणून टॉर्च डोळ्याजवळ लागतो. धाकटा आधी कोळ्यांना घाबरायचा, पण गवतभर डोळे चमकताना दिसल्यावर घाबरायचं विसरला आणि मोजायला लागला, वीसच्या पुढे त्याला येत नाही म्हणून परत एकपासून.

एका कोळिणीच्या पाठीवर पिल्लांचा नुसता ढीग होता, तिला सगळ्यांनी रस्ता दिला.

रातकिडा पण शोधला. जवळ गेलं की गप्प, थांबलं की सुरू, थांबलो तर अगदी पायाशी निघाला. नर पंखावर पंख घासून आवाज काढतो आणि त्याचे कान असतात पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. हे कळल्यावर धाकटा ओणवा होऊन त्याच्या पायापाशी 'हॅलो' म्हणाला. उडी मारली त्याने. आलं ऐकू!

बरणीतल्या अळीने काडीला कंबरेभोवती दोरा बांधून कोष केला आज दुपारी. रोपावरची पण भिंतीकडे गेली आणि तिथेच चिकटली.

५ जुलै

गोगलगाय, काचेच्या तुकड्यावर (कडा टेपने झाकून). खालून बघितलं की पायावरून लाटा जाताना दिसतात, एकामागून एक. बाकी आज कुणालाच धड वेळ नव्हता, शाळेचं कव्हर घालायचं काम होतं.

१२ जुलै

बरणीतला कोष काल काळवंडला होता आणि आतून पंखांची नक्षी दिसत होती, म्हणून सकाळी सगळी बरणीपुढे, दात न घासता. कोष फुटला तेव्हा बाहेर जे आलं ते बघून लीडरबाई म्हणाल्या "हे बिघडलेलं आहे", एवढेसे चुरगळलेले ओले पंख आणि टम्म पोट. मग ते काडीला उलटं लटकलं आणि पोटातलं पाणी पंखांत ढकलत राहिलं, पंख उलगडत खाली खाली आले, काळ्यावर पिवळे ठिपके, टोकाला एक विटकरी डाग. मधेच खाली रंगीत पाण्याचे थेंब पडले, ते रक्त नाही, कोषात साठलेली घाण आहे, हे सांगताक्षणी धाकटा ओरडला, "अँटलायनसारखी!" बरोबर आहे की.

पंख वाळायला बराच वेळ लागला. मग जाळी काढली, पहिल्यांदा नुसतं कुंपणावर जाऊन बसलं आणि मग गेलं. दुसऱ्या कोषाचं अजून काही नाही.

१९ जुलै

भिंतीवरचा कोष मळकट तपकिरी झालाय, नक्षी वगैरे काही दिसत नाही. मला शंका होती, पोरांना बोललो नाही. अलगद सोडवून बरणीत ठेवला, या वेळी जाळीऐवजी मलमलचा कपडा बांधला.

२२ जुलै

शंका खरी निघाली. कोषाला एक बारीक गोल भोक पडलं आणि त्यातून मुंगीहून लहान, हिरवट चकाकणाऱ्या माश्या निघायला लागल्या, एक, मग अजून एक, मग थांबायचं नावच नाही. गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातल्या या. अळीचा कोष नुकताच झाला, कवच मऊ असतं, तेव्हा आई येऊन आत अंडी घालून जाते आणि पिल्लं आतलं सगळं खाऊन वाढतात. आता रडारड होणार असं मी धरून चाललो होतो. थोरली क्षणभर गप्प झाली खरी, पण धाकटा ओरडायला लागला, "एकाचे शंभर झाले! मामा, एकाचे शंभर झाले!" आणि मग तिघांनाही भोकासमोर डोळा लावायचाच होता.

वहीवरून मात्र अजून वाद चालूच आहे. लीडरबाईंचं म्हणणं, फुलपाखराला नवीन नंबर द्या, पाय कमी झाले आणि पंख आले म्हणजे वेगळा प्राणी. थोरली म्हणते अळी, कोष, फुलपाखरू एकच नंबर, पण माश्यांना वेगळा, कारण त्यांची आई वेगळी होती. धाकट्याला नंबराशी देणंघेणं नाही, त्याने आपला रकाना भरवून घेतला, "आत बसून खात होते, मग बाहेर आले." तूर्तास थोरलीचं चाललंय. अळीच्या ओळीत जागा उरली नाही म्हणून खाली कागदाची पट्टी चिकटवलीय आणि त्यावर 'आधी काय होता' असा नवीन रकाना आखलाय, जो आता सगळ्यांना मागे जाऊन भरायचा आहे. अँटलायनच्या पुढे काय लिहायचं ते अडलंय, त्याचं अंडं कुणी बघितलेलं नाही.

शनिवारी पाऊस नसला तर पांढरी चादर दोरीवर टाकून मागे दिवा लावायचा, पतंग बघायला. चादर जुनी मागितलीय, बहिणीने अजून हो म्हटलेलं नाही.